तेल्या, गुटी आणि बहार
सटाणा परिसरातील डाळिंब-संशोधन व आपत्तीनंतरची उभारणी

नाशिक जिल्ह्यातील सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण. आरम नदीच्या काठी वसलेल्या या गावात दरवर्षी ज्यांच्या नावाने यात्रा भरते ते यशवंतराव महाराज कोणी मठाधिपती नव्हते, तर इंग्रजी अमदानीतील एक मामलेदार होते. १८७०-७१ च्या सुमारास या भागात मोठा दुष्काळ पडला, त्या वेळी त्यांनी सरकारी खजिना उघडून तो उपाशी रयतेस वाटला आणि तपासणीच्या वेळी तो खजिना जसाच्या तसा भरलेला आढळला, असे लोकपरंपरा सांगते. लोकांनी त्यांना ‘देवमामलेदार’ ही पदवी दिली. या आख्यायिकेतील चमत्काराचा भाग बाजूस ठेवला, तरी आपत्तीत कर्तव्य कोणते याविषयी एका समाजाची जी कल्पना तीत व्यक्त झाली आहे ती विचारात घेण्याजोगी आहे. ज्याच्या हाती साधन आहे त्याने ते वेळेवर मोकळे करावे, ही ती कल्पना होय.

परंतु खजिन्यातील धनाने एक वर्ष निभावते. पुढील वर्षी शेत पुन्हा उभे राहावे यासाठी जे लागते ते कोणत्याही खजिन्यात तयार ठेवलेले नसते. कोणते बी वा रोप लावावे, ते कोठून आणावे, केव्हा पाणी द्यावे आणि केव्हा तोडावे, रोग कोणत्या वाटेने येतो, या प्रश्नांची उत्तरे संशोधनाने द्यावयाची असतात. सटाणा परिसराने गेल्या दोन दशकांत डाळिंबाच्या ‘तेल्या’ रोगाच्या रूपाने अशी एक आपत्ती पाहिली. तिच्यातून सावरण्याच्या कामी कृषिसंशोधनाचा उपयोग कसा झाला, तो कोठे अपुरा पडला आणि या व्यवहारात शब्दांनी कोणते कार्य केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. बागलाण आणि डाळिंब

बागलाणचा फळबागांशी असलेला संबंध अर्वाचीन नाही. सुरत आणि नंदुरबार यांच्या दरम्यानचा हा डोंगराळ पण वस्तीचा मुलूख ‘आईने-अकबरी’त उल्लेखिलेला असून, तेथे उत्तम येणाऱ्या फळांत द्राक्षांबरोबर डाळिंबाचेही नाव आढळते. मोसम आणि आरम या नद्यांच्या खोऱ्यांत शतकानुशतके चालत आलेली ‘फड’ पद्धतीही येथील शेतीचे वैशिष्ट्य होय. नदीवर बंधारा घालावा, त्यातून पाट काढावा, पाटाखालील जमिनीचे फड पाडावेत आणि एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. पाणी वाटणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या हे तिचे सेवक.

तालुक्याचा बराचसा भाग मात्र पाटाच्या आवाक्याबाहेरचा, हलक्या जमिनीचा आणि कमी पावसाचा आहे. डाळिंबाला नेमकी अशीच जमीन मानवते. पाण्याचा निचरा न होणारी भारी काळी जमीन त्याला सोसत नाही. ठिबक सिंचनाचा प्रसार झाल्यावर विहिरीच्या थोड्या पाण्यावर माळरानात डाळिंब घेणे शक्य झाले, आणि कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चार तालुक्यांत त्याचा विस्तार झपाट्याने झाला. या चारही नावांची आद्याक्षरे जोडून बनलेला ‘कसमादे’ हा शब्द आज या प्रदेशाचे नाव म्हणून रूढ आहे.

या विस्ताराच्या मुळाशीही संशोधनच होते. पुण्याच्या गणेशखिंड येथील केंद्रात डॉ. चीमा यांनी आळंदी वाणाच्या रोपांतून १९३६ मध्ये जी निवड केली, ती पुढे ‘गणेश’ या नावाने महाराष्ट्रभर पसरली. मऊ दाण्यामुळे हे फळ लोकप्रिय झाले, पण त्याचा रंग फिका होता. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘गणेश’चा ‘गुल-ए-शाह रेड’ या तांबड्या वाणाशी संकर करून जी संतती मिळविली, तिच्यातून ‘मृदुला’, ‘आरक्ता’ आणि २००३ च्या सुमारास प्रसारित झालेला ‘भगवा’ हे वाण निघाले. भगव्याने सर्वांना मागे टाकले. जाड साल, टिकाऊपणा आणि केशरी-तांबडा रंग यांमुळे तो दूरच्या बाजारपेठेसही योग्य ठरला.

या एका वाणास लोकांनी किती नावे दिली हे पाहणे उद्बोधक आहे. शेंदरी, अष्टगंध, मस्तानी, जय महाराष्ट्र, रेड डायना ही सारी भगव्याचीच नावे होत. एखादा वाण हातोहात, बागेतून बागेत, गुटीच्या रूपाने पसरतो तेव्हा त्याची नावे अशी वाढतात. विद्यापीठाने दिलेले नाव सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच झाड पोहोचलेले असते. नावांची ही विपुलता त्या प्रसाराच्या वेगाची खूण आहे, आणि ज्या वाटेने वाण पसरला त्याच वाटेने पुढे रोगही पसरला.

२. आपत्तीचे स्वरूप

डाळिंबावरील या जिवाणूजन्य करप्याची भारतातील पहिली नोंद १९५२ ची, दिल्ली येथील आहे. त्यानंतर कित्येक वर्षे तो किरकोळ रोगांत गणला जात असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस कर्नाटकात आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात त्याने उग्र रूप धारण केले. सोलापूर, सांगली यांप्रमाणेच नाशिक जिल्ह्यातील डाळिंबाचे तालुकेही त्याच्या तडाख्यात सापडले.

रोगाचा क्रम असा असतो. प्रथम पानावर टाचणीच्या डोक्याएवढे, पाण्याने भिजल्यासारखे ठिपके उमटतात. पान उजेडापुढे धरले असता ते अर्धपारदर्शक दिसतात आणि तेलाचा थेंब कागदावर पडावा तसे भासतात. पुढे ते काळपट होतात व पाने गळतात. फांदीच्या पेरावर रोग आला म्हणजे तेथील साल काळी पडून फांदी त्या जागी सहज मोडते. फळावर प्रथम डाग आणि नंतर भेगा पडतात. काढणीस महिना-पंधरा दिवस उरले असताना फळ उलले, तर त्या फळाला बाजारात काहीच मोल राहत नाही. खत, मजुरी, फवारणी हा सारा खर्च तोपर्यंत होऊन गेलेला असतो.

द्राक्ष किंवा डाळिंब यांसारख्या बहुवर्षायू पिकावरील आपत्ती आणि ज्वारी-बाजरीवरील आपत्ती यांत एक महत्त्वाचा भेद आहे. बाजरी बुडाली तर एक हंगाम बुडतो. बाग बुडाली तर तीन वर्षे जोपासून वाढविलेली झाडे, त्यांखाली टाकलेली ठिबकची नळी, विहिरीवर काढलेले कर्ज आणि पुढील दहा वर्षांचा हिशेब बुडतो. कसमादे भागात अनेकांनी बागा उपटून बांधावर त्यांचे ढीग लावले. काही जण कांदा, मका यांकडे परतले आणि काहींनी उरलेली झाडे रोगासह तशीच उभी ठेवली. ही उभी ठेवलेली झाडे शेजाऱ्याच्या बागेस धोक्याची ठरली, हे पुढे दिसून येईल.

३. नावाचे कार्य

या रोगास शास्त्रात ‘झॅन्थोमोनास ॲक्सोनोपोडिस, पॅथोव्हार प्युनिसी’ असे म्हणतात. ग्रीक भाषेत ‘झॅन्थोस’ म्हणजे पिवळा. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत हे जिवाणू वाढविले असता त्यांच्या वसाहती पिवळ्या दिसतात, म्हणून हे नाव पडले. शेतकऱ्याने ती बशी पाहिलेली नसते. त्याने पान पाहिलेले असते, म्हणून त्याने ‘तेल्या’ म्हटले. एकाच रोगाची ही दोन नावे दोन भिन्न जागी उभे राहून पाहणाऱ्यांनी दिलेली आहेत. शास्त्राचे नाव कारणाकडे बोट दाखविते, लोकांचे नाव लक्षणाकडे.

‘तेल्या’ हा शब्द मराठीतील एका जुन्या घडणीचा आहे. संत्र्या-मोसंबीच्या खोडातून डिंक वाहतो तो ‘डिंक्या’, लिंबाच्या सालीवर खैराच्या रंगाचे खरखरीत व्रण पडतात तो ‘खैऱ्या’, कपाशीचे पान लाल होते तो ‘लाल्या’. नामास वा विशेषणास ‘-या’ प्रत्यय लावून रोगाचे नाव करण्याची ही रीत आहे. याच प्रत्ययाने मराठीत माणसांची टोपणनावेही बनतात, हे लक्षात घेतल्यास शेतकरी रोगाकडे एखाद्या ओळखीच्या उपद्रवी इसमाप्रमाणे पाहतो असे म्हणता येईल. ‘तांबेरा’, ‘काणी’, ‘भुरी’, ‘केवडा’ ही नावे निराळ्या घडणीची असली तरी तीही सारी डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवरूनच आलेली आहेत.

अशा नावांचा एक मोठा गुण असा की ती ओळखीचे साधन बनतात. ‘तेल्या’ हा शब्द ऐकलेल्या माणसास तेलकट ठिपका शोधावयास वेगळे शिकवावे लागत नाही. कृषी विद्यापीठाने, कृषी खात्याने आणि सोलापूरच्या राष्ट्रीय केंद्राने आपल्या मराठी पत्रकांत हाच शब्द स्वीकारला, हे योग्यच झाले. ‘जिवाणूजन्य करपा’ हा पर्याय शुद्ध असला तरी ‘करपा’ या शब्दाने कांद्यावरील, भातावरील आणि केळीवरील बुरशीजन्य रोगांची आठवण होते आणि शेतकरी बुरशीनाशकाकडे वळतो.

तथापि लक्षणावरून पडलेले नाव फसवूही शकते. डाळिंबाचे झाड पिवळे पडून वाळले म्हणजे त्यास ‘मर’ म्हणतात. प्रत्यक्षात ही मर जमिनीतील बुरशीमुळे येते, मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींमुळे येते, खोडास सूक्ष्म छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्यामुळे येते, किंवा यांपैकी दोन-तीन कारणे एकत्र आल्यामुळेही येते. शब्द एक आणि कारणे अनेक असल्यामुळे शेजाऱ्याने केलेला उपाय आपल्या बागेत लागू पडत नाही, आणि दोष औषधाला किंवा नशिबाला दिला जातो. अशा ठिकाणी संशोधनाचे पहिले काम एका शब्दाचे पदर सोडवून दाखविण्याचे असते. मुळे उपटून पाहा, गाठी आहेत का. खोड उभे चिरून पाहा, आतील लाकडावर काळसर पट्टा आहे का. साल तपासा, छिद्रे आहेत का. या तीन सोप्या कृतींनी ‘मर’ या एका शब्दाचे तीन वेगळे रोग होतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा ठरतो.

४. संशोधनाने काय दिले

डाळिंबाच्या प्रश्नांवर स्वतंत्र लक्ष देण्यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००५ मध्ये सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन केले. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे डाळिंब संशोधन व तंत्रज्ञान प्रसार केंद्र तर सटाणा तालुक्यातच, लखमापूर येथे आहे. या संस्थांकडून शेतकऱ्यांची साहजिक अपेक्षा एखाद्या रामबाण औषधाची होती. असे औषध मिळाले नाही. जिवाणू एकदा झाडाच्या पेशीजालात शिरला की बाहेरून मारलेला फवारा त्याच्यापर्यंत पुरतेपणी पोहोचत नाही. तेल्यास पूर्णपणे दाद न देणारा आणि बाजारासही पसंत पडणारा वाणही अद्याप हाती आलेला नाही. हिमालयाच्या उतारावर वाढणारे ‘दारू’ नावाचे रानटी डाळिंब रोगास बऱ्याच प्रमाणात दाद देत नाही, आणि संकराच्या कामी त्याचा उपयोग केला जात आहे. परंतु त्याचे फळ आंबट व दाणा कठीण असल्यामुळे त्याचे गुण घेऊन दोष टाकणे हे अनेक पिढ्यांच्या निवडीचे काम आहे.

औषधाऐवजी संशोधनाने दिली ती एक शिस्त. तिचा पाया रोगाच्या जीवनक्रमाच्या ज्ञानावर आहे. जिवाणूस उष्णता आणि ओलावा दोन्ही लागतात. पावसाच्या थेंबांच्या उडण्याने तो पानावरून पानावर जातो, छाटणीच्या कात्रीवर बसून झाडावरून झाडावर जातो, गळलेल्या पाल्यात महिनोन्महिने टिकतो आणि रोगट झाडाच्या गुटीबरोबर गावोगाव प्रवास करतो. या चार वाटा अडविणे हाच उपाय.

पहिली वाट ऋतूची. डाळिंबास महाराष्ट्रात तीन बहार येतात. जून-जुलैचा मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार आणि जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार. पहिली दोन नावे नक्षत्रांवरून आलेली असून तिसरे आंब्याच्या मोहोरावरून आले आहे. ‘बहार’ हा शब्द मूळ फारसी, त्याचा अर्थ वसंत. मराठी शेतकऱ्याने वर्षात तीन वसंत मानले आणि त्यांपैकी कोणता घ्यावयाचा हे स्वतःकडे ठेवले. बहार नुसता ‘येत’ नाही, तो ‘धरावा’ लागतो. बागेचे पाणी तोडून तिला ताण द्यावयाचा, पानगळ करावयाची, हलकी छाटणी करून खत द्यावयाचे आणि मग पाणी सोडावयाचे, या साऱ्या क्रियांना मिळून ‘बहार धरणे’ म्हणतात. मृग बहाराची फळे भर पावसाळ्यात वाढतात, म्हणून तेल्याचा घाला त्यांच्यावर सर्वाधिक. हस्त बहाराची फळे कोरड्या, थंड महिन्यांत वाढतात, म्हणून ती बऱ्याच अंशी वाचतात. रोगग्रस्त भागात मृग टाळून हस्त धरावा, हा संशोधकांचा प्रमुख सल्ला होता. हा सल्ला सांगण्यासाठी एकही नवा शब्द घडवावा लागला नाही. निवडीची कल्पना ‘धरणे’ या क्रियापदात आधीच होती.

दुसरी वाट कात्रीची. एक झाड छाटून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्री जंतुनाशक द्रावणात बुडवावी, रोगट फांदी डागाच्या बरीच खाली, निरोगी भागात कापावी आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. तिसरी वाट पाल्याची. गळलेली पाने, उललेली फळे आणि छाटलेल्या काड्या वेचून बागेबाहेर जाळाव्यात. झाडांची दाटी टाळण्यासाठी नवी लागवड साडेचार बाय तीन मीटर अंतरावर करावी, म्हणजे हवा खेळती राहते. काढणीनंतर बागेस तीन-चार महिन्यांची विश्रांती द्यावी आणि त्या काळात बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या कराव्यात.

हे बोर्डो मिश्रण फ्रान्समधील बोर्दो परगण्यातून आले. रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तेथील मळेवाले त्यांच्यावर मोरचूद आणि चुना शिंपडीत असत. अशा वेली केवडा रोगातून वाचल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी पाहिले आणि १८८५ मध्ये त्यांनी त्या मिश्रणाचा उपयोग प्रसिद्ध केला. शेतकऱ्याची कृती प्रयोगशाळेत गेली आणि प्रमाणबद्ध होऊन शेतकऱ्याकडे परत आली. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी घ्यावे लागते. ते त्याच दिवशी वापरावयाचे असते आणि त्यात लोखंडी सुरी बुडविली असता तिच्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजावयाचे असते. पत्रकात नुसते ‘एक टक्का तीव्रता’ असे छापले आणि सुरीची ही परीक्षा सांगितली नाही, तर कमी चुन्याचे मिश्रण पाने जाळते आणि शेतकऱ्याचा त्या सल्ल्यावरील विश्वास उडतो. ‘अवशेषांचे व्यवस्थापन’ आणि ‘पाला वेचून जाळा’ यांत अर्थ एकच आहे, पण दुसऱ्या वाक्यात हाताला काम मिळते. अहिराणी व कोकणी बोलणाऱ्या मजुरांकडून ही कामे करून घ्यावयाची असल्यामुळे बागलाणात हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो. मालकाने पत्रक वाचले तरी कात्री मजुराच्या हातात असते.

५. बी आणि गुटी

चौथी वाट गुटीची. तिचे महत्त्व समजण्यासाठी बागलाणापासून दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. सीरियातील आलेप्पो शहराजवळ कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मोठी बीजपेढी होती. गहू, जव, मसूर, हरभरा यांच्या जुन्या वाणांचे बियाणे तेथे साठविलेले होते. यादवी युद्धामुळे संस्थेस ती जागा सोडावी लागली. परंतु त्या बियाण्याच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावरील, २००८ मध्ये उघडलेल्या बीजकोठारात आधीच पाठविलेल्या होत्या. २०१५ मध्ये त्या परत मागवून लेबनॉन व मोरोक्को येथे पेरण्यात आल्या आणि वाढलेल्या बियाण्याचा काही भाग २०१७ मध्ये पुन्हा त्या कोठारात ठेवण्यात आला. युद्धाने जे नष्ट होऊ पाहत होते ते अशा रीतीने दुसऱ्या देशांच्या शेतांत पुन्हा उगवले.

डाळिंबाची गोष्ट अशी सोपी नाही. भगव्याचा दाणा पेरला तर भगवा उगवेलच असे नाही. म्हणून फांदीची साल वर्तुळाकार काढून, तेथे ओले शेवाळ बांधून, मुळ्या फुटल्यावर ती फांदी वेगळी करून लावतात. हीच गुटी. गुटीचे झाड मातृवृक्षाची हुबेहूब प्रत असते, आणि त्या प्रतीत मातृवृक्षाचा रोगही येतो. बागा उद्ध्वस्त झाल्यानंतर नव्या लागवडीची घाई झाली, तेव्हा स्वस्त आणि जवळची म्हणून जी गुटी आणली गेली तिच्याबरोबर कित्येक ठिकाणी तेल्या परत आला. म्हणून रोगमुक्त मातृवृक्षांच्या बागा राखणे, त्यांपासून खात्रीची रोपे पुरविणे आणि ऊतिसंवर्धनाने रोपे तयार करणे हे डाळिंबाच्या बाबतीत बीजपेढीचेच काम होय. सोलापूरच्या केंद्राने देशी-परदेशी वाणांचा जो जिवंत संग्रह जोपासला आहे त्याकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. आज कसमादे भागात जवळजवळ सर्वत्र एकच वाण उभा आहे, आणि एका वाणावर आलेला रोग सर्वांवर येतो.

६. शिस्तीची किंमत

येथवर सांगितलेल्या उपायांतील कोणताही दुर्बोध नाही. तरीही ते सर्वत्र पाळले गेले नाहीत आणि याचे कारण शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. बागेस विश्रांती द्या असे सांगणे म्हणजे ज्याच्यावर कर्ज आहे त्यास काही काळ उत्पन्नाविना राहा असे सांगणे होय. हस्त बहार धरा म्हणावे, तर सप्टेंबरात जमीन ओली असल्यामुळे ताण नीट बसत नाही आणि कळी कमी निघते. आंबे बहार धरावा, तर उन्हाळ्यात विहिरी आटतात. अनेकांनी मृग सोडला नाही, कारण पावसाळ्यातच त्यांच्याजवळ पाणी होते.

शिवाय एक आपत्ती टाळण्याचा उपाय दुसऱ्या आपत्तीच्या वाटेवर नेऊन सोडतो, असेही घडते. हस्त बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तयार होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर गारपीट झाली आणि नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे, कांदा, डाळिंब यांचे अतोनात नुकसान झाले. पावसाळ्यातील रोगापासून वाचविलेले फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी गारांखाली सापडले. गारेचा मार फळापुरता थांबत नाही. फांदीची साल फुटते आणि प्रत्येक जखम ही जिवाणूस नवे दार असते. अशा वेळी पंचनामा आणि नुकसानभरपाई यांइतकेच, पुढील काही दिवसांत मोडलेल्या फांद्या काढून जखमांवर ताम्रयुक्त फवारा मारणे निकडीचे असते. भरपाई काही महिन्यांनी मिळाली तरी उपयोगी पडते. हा सल्ला आठवड्याने मिळाला तर पुष्कळसा निरुपयोगी ठरतो.

यापेक्षाही अवघड प्रश्न शेजाराचा आहे. एका बागेत पाला वेचला, कात्री धुतली, विश्रांती दिली, आणि बांधापलीकडे रोगट झाडे तशीच उभी राहिली, तर वाऱ्यासह येणारा पाऊस बांध मानीत नाही. तेल्याचे नियंत्रण हे म्हणूनच एकट्याने करावयाचे काम नाही. गावातील सर्वांनी एका वेळी छाटणी करावी, एकच बहार धरावा आणि सोडून दिलेल्या बागा काढून टाकाव्यात, असे संशोधक सांगतात. हे सांगणे बागलाणास अपरिचित वाटण्याचे कारण नाही. एका फडात एकच पीक, सर्वांचे पाणी एका वेळी, आणि नियम मोडणाऱ्यास गावाचा जाब, हीच फडाची रीत होती. फड पाण्याच्या टंचाईतून जन्मला. कोणी एकट्याने पाणी घेतले तर इतरांचे बुडेल, हे सर्वांस दिसत होते. रोगाच्या बाबतीतील परस्परावलंबन तसे डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवून देणे हे संशोधनाचे काम, आणि ते मान्य करून नियम करणे हे गावाचे.

ज्या बागा आज सटाण्याच्या माळावर उभ्या आहेत त्यांतील तेल्या नाहीसा झालेला नाही. पावसाळा लांबला की तो पुन्हा डोके वर काढतो. तथापि दोन दशकांपूर्वी जो रोग अनोळखी होता, त्याच्या येण्याजाण्याच्या वाटा आता माहीत आहेत, आणि पहिला तेलकट ठिपका दिसताच काय करावयाचे हे जाणणारी माणसे गावोगाव आहेत. आपत्तीनंतरच्या उभारणीत संशोधनाचा वाटा बहुधा इतकाच असतो, आणि तो थोडा नाही. देवमामलेदारांनी खजिना मोकळा केला, कारण तो त्यांच्या हाती होता. ज्यांच्या हाती ज्ञान आहे त्यांनी ते हंगाम निघून जाण्यापूर्वी, कात्री धरणाऱ्या माणसास कळेल अशा शब्दांत मोकळे करावे, एवढीच अपेक्षा हा तालुका विद्यापीठांकडून करीत असल्यास ती अवाजवी म्हणता येणार नाही.